फुगा फोडायची तालीम

फुगा फोडायला काय अक्कल लागते, असं कुणीही म्हणेल. पोरंटोरं फोडतात. पण लोण्याला ते जमेना, आणि त्यावरून त्या संध्याकाळी मेहुण्याच्या मागच्या खोलीत चांगलीच जुंपली होती.

"अहो, फोडा की."

"फोडतोय."

"कसला फोडताय? गुळगुळीत केलात त्याला."

बायकोच्या दोन्ही हातांत फुगवलेला फुगा, फुग्यावर साबणाचा फेस, आणि समोर स्टुलावर वस्तरा घेऊन बसलेला लोण्या. फेस सगळा निघालेला, फुगा जसाच्या तसा. दाराच्या चौकटीला टेकून मेहुणा हे बघत होता. त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "दाजी, उद्या तिथं असं केलंत तर संपलं. तिथं फुग्याची दाढी करून बक्षीस मिळवायचं नाहीये."

लोण्या हा दाढी-कटिंगवाला. हे नाव त्याला गिऱ्हाइकांनी ठेवलं होतं. त्याचा वस्तरा गालावरून असा फिरायचा, की खुर्चीतल्या माणसाला वाटावं अजून सुरुवातच व्हायचीय, आणि तेवढ्यात हा टॉवेल झटकून मोकळा. लोण्यातून सुरी जावी तसा हात, असं म्हणता म्हणता माणसाचंच नाव लोण्या पडलं. त्याच्या खुर्चीत गिऱ्हाइकं झोपायची. या धंद्यात त्याहून मोठी शाबासकी नाही. गळ्यावर पातं टेकलेलं असताना माणूस डोळे मिटून घोरायला लागतो, तो काही उगाच नाही. लोण्या संध्याकाळी घरी आला की बायको विचारायची, "आज किती झोपले?" आणि तो बोटांवर मोजून सांगायचा.

मग चट्टे उठले. आधी कोपरावर एक, नाण्याएवढा. मग दुसरा कोपर, गुडघे, पाठ. मग कानामागून मानेवर, केसांच्या कडेनं कपाळावर, आणि शेवटी हातांच्या पाठीवर. लालभडक, वर पांढरे पापुद्रे, आणि ते पापुद्रे सारखे गळत राहायचे. डॉक्टरांनी सांगितलं, सोरायसिस आहे. जायचा नाही, कमीजास्त होत राहील. पण कुणाला लागत नाही. लोण्यानं शेवटचं वाक्य तेवढं पाठ केलं. येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगायचा, लागत नाही हं हे कुणाला. गिऱ्हाइकं म्हणायची, छे, छे, आम्ही काय अडाणी आहोत का. आणि पुढच्या खेपेला पेपर तोंडासमोर धरून बाजूच्या खुर्चीची वाट बघत बसायची. बाजूच्या खुर्चीवरचा कारागीर दाढी करायचा की गाल खरवडायचा हे त्याचं त्यालाच ठाऊक, पण त्याची कातडी स्वच्छ होती.

लोण्यानं हातमोजे घालून बघितले. तर लोक आणखीच बिचकले. काही नसतं तर मोजे कशाला घातले असते, असा त्यांचा सरळ हिशेब. शेवटी दुकानाचा मालक एक दिवस म्हणाला, "थोडे दिवस घरी आराम कर. बरं वाटलं की ये." मालक भला माणूस होता. हे बरं व्हायचं नाही हे त्यालाही माहीत होतं आणि लोण्यालाही. दोघांनी एकमेकांचा मान राखला, एवढंच.

त्यानंतर त्यानं काय केलं नाही म्हणून विचारा. खानावळीत भांडी घासायला गेला, तर मालकानं हात बघून दारातूनच वाटेला लावलं. साबणाच्या कारखान्यात खोके भरायला लागला, तिथल्या भुकटीनं चट्टे उकलले, रक्त यायला लागलं. रखवालदाराची नोकरी मिळाली ती रहिवाशांच्या तक्रारीवरून गेली. म्हणे फाटकाशी असा माणूस बरा दिसत नाही. भाड्याची खोली सुटली. तीन वर्षांत नवराबायको दोघंही बायकोच्या धाकट्या भावाकडे, मागच्या खोलीत येऊन पडली. बायको एका लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. त्यात दोघांचं खाणं आणि मलम कसंबसं भागायचं.

मेहुणा वाईट नव्हता. पण घर त्याचं एकट्याचं नव्हतं. भावजयीनं लोण्याचा कप वेगळा काढला होता. तोंडानं ती काही बोलली नाही, कपाच्या कानाला फक्त लाल दोरा बांधला. बायकोनं तो पहिल्यांदा बघितला तेव्हा सोडून टाकावा असं तिला वाटलं. पण आपलेच दात आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? आता त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि मागची खोली नव्या जोडप्याला लागणार होती. भावजय जेवताना सहज म्हणाली, "ताईंना काय आम्ही टाकतोय का? त्या स्वयंपाकघरात झोपतील माझ्यासोबत. यांचं मात्र काहीतरी बघायला पाहिजे." यांचं म्हणजे लोण्याचं. तो तिथंच समोर बसून जेवत होता. मेहुण्यानं मान खाली घातली, आणि बायकोचा घास तोंडाशी थांबला.

दुसऱ्याच दिवशी मेहुणा भत्त्याच्या मागे लागला. अपंगांना दरमहा भत्ता मिळतो, त्यात कातडीचे आजारही धरतात, हे त्यानं शोधून काढलं. पलीकडच्या गल्लीत जिन्याखालची एक खोली रिकामी होती. तिची मालकीण म्हणाली होती, भत्ता मंजूर झाल्याचा कागद दाखवा आणि किल्ली न्या; पण लग्नसराई आहे, माणसं विचारून जातायत, फार दिवस थांबणार नाही. म्हणजे सगळं येऊन ठेपलं होतं त्या एका कागदावर. कागद मिळाला तर जिन्याखाली का होईना, दोघं एकत्र. नाही मिळाला तर ती भावाच्या स्वयंपाकघरात आणि हा बेघरांच्या निवाऱ्यात, जिथं बायकांना घेत नाहीत.

आणि कागद देणाऱ्या बोर्डाची पद्धत मोठी न्यारी. तिथं माणसाला त्याचंच काम करून दाखवायला लावत. शिंप्यानं सुईत दोरा ओवून चार टाके घालायचे, सुतारानं फळी कापायची, आणि दाढीवाल्यानं फुग्याला फेस लावून तो वस्तऱ्यानं काढायचा. अपंगत्व तपासायला आलेल्या माणसाच्या हाती जिवंत गाल कोण देणार? फुगा फुटला तर हात गेला, राहिला तर हात शाबूत. मेहुण्याला हे सगळं एका म्हाताऱ्या दाढीवाल्यानं सांगितलं होतं. त्याचे हात थरथरायचे, त्यानं तीन फुगे फोडले आणि भत्ता घेऊन आला.

म्हणून ही तालीम.

"मला खोटं वाटतं हे," लोण्या वस्तरा पुसत म्हणाला.

"खोटं काय त्यात?" बायको कडाडली. "काम मिळत नाही हे खरं ना? चट्टे खरे ना? मग खऱ्याला जरासा खोट्याचा टेकू लावला तर कुणाचं काय जातंय?"

"तसं नाही गं. हातच वळत नाही."

ते मात्र अगदी खरं होतं. लोण्या हे काम फुग्यावरच शिकला होता. त्याचा वस्ताद एक फुगा फुटला की एक थोबाडीत द्यायचा. म्हणायचा, "आत हवा आहे की हाड, हे वस्तऱ्याला कळता कामा नये." फुगा फुटू द्यायचा नाही हे अंगात भिनायला लोण्याच्या आयुष्याचं अख्खं वर्ष गेलं होतं. आता पन्नाशीला येऊन ते विसरायचं म्हणजे चालायचं कसं ते विसरण्यासारखंच होतं.

मेहुणा म्हणाला, "दाजी, गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तुम्ही तेवढी बाजूला ठेवा. फक्त उद्यापुरती."

लोण्यानं पुन्हा फेस लावला. डोळे बारीक करून विचार केला. मग त्याच्या लक्षात आलं की काही मोठं करायला नको. पात्याचं टोक केसभर खाली झुकवायचं, बस. हेच न करण्यासाठी तो थोबाडीत खात आला होता. त्यानं टोक झुकवलं. फट्ट करून फुगा फुटला आणि सगळा फेस बायकोच्या तोंडावर उडाला. भुवया पांढऱ्या, नाकाच्या शेंड्यावर फेसाचा गोळा. मग ती हसायला लागली. किती महिन्यांनी हसली कोण जाणे, पण पोट धरून हसली. लोण्याही हसला. त्यानं टॉवेलच्या टोकानं तिचा चेहरा पुसला, एखाद्या गिऱ्हाइकाचा पुसावा तसा, हलक्या हातानं. उरलेले फुगेही त्यानं एकेक करून फोडले. एकही वाचला नाही.

झोपायच्या आधी बायकोनं नेहमीसारखं त्याच्या पाठीला मलम लावलं. पाठीच्या मधोमध सगळ्यात मोठा चट्टा होता, तिथं त्याचा हात काही केल्या पोचायचा नाही. एकदा मलम लावायचं राहिलं की तिथली कातडी ताणून फाटायची आणि सकाळी सदरा पाठीला चिकटलेला असायचा. म्हणून ती एकही दिवस चुकवायची नाही. लाँड्रीतून कितीही दमून आली तरी.

"उद्या फुटेल ना हो?" तिनं विचारलं.

"फुटेल," तो म्हणाला.

बोर्डाच्या कचेरीत लांबलचक बोळ होता आणि दोन्ही बाजूंना बाकं. लोण्या बसला त्या बाकावरची माणसं हळूहळू सरकत पलीकडे गेली. त्याला आता त्याचं काही वाटत नसे. आज तर तो मनात म्हणाला, सरका, सरका, तेवढंच साहेबांच्या नजरेला पडेल. पण साहेब आत होते, त्यांना ते कुठून दिसणार?

नंबर लागल्यावर बायको बोळातच थांबली आणि तो आत गेला. डॉक्टर मध्यम वयाचे, डोळे तांबारलेले, गालावर दोन दिवसांची दाढी. टेबलापाशी शिपाई उभा होता. डॉक्टरांनी लोण्याचा हात हातात घेतला. मोजे न घालता. लोण्याच्या ते लगेच लक्षात आलं. डॉक्टरांनी चट्ट्यांवरून बोट फिरवलं, कोपर वाकवून बघितले, पाठ बघितली.

"मूठ वळा. उघडा. ही टाचणी उचला बघू."

लोण्यानं टाचणी उचलली. उचलल्यावर वाटलं, निदान ही तरी पाडायला हवी होती.

"हात चालतो तुमचा."

"हात चालतो साहेब. गिऱ्हाईक चालत नाही."

डॉक्टर किंचित हसले. "मला हातच बघायचा असतो. हे बघा, चट्टे पुष्कळ आहेत, त्याचे गुण धरले आहेत मी. पण नुसत्या चट्ट्यांवर काम होत नाही. बाकीचं तुम्ही काम करू शकता की नाही यावर आहे. चला पलीकडे."

पलीकडच्या खोलीत नुसता बाजार मांडलेला होता. शिलाईचं यंत्र, सुताराची करवत, विटांचा ढीग आणि थापी, टाइप करायचं यंत्र, भिंतीशी एक खुर्ची आणि समोर आरसा. लोण्यानं आपली पेटी उघडून ब्रश, वस्तरा, तुरटी मांडली. शिपायानं कपाटातून फुग्यांची पिशवी काढली आणि एक फुगा तोंडाला लावला. अर्धा फुगला नाही तोच फुटला. दुसरा घेतला, तोही फुटला. तिसऱ्याला तर नुसतं ताणल्यावरच भोक पडलं.

"रबर कुजलंय साहेब. मागवायला पाहिजेत."

"मग याला पुढच्या महिन्याची तारीख दे."

पुढच्या महिन्यात लग्न उरकलेलं असेल, जिन्याखालची खोली गेलेली असेल. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, आजच करा. कसंही करा, पण आजच करा. पुढच्या महिन्याला मला घर नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. मग शिपायाकडे बघितलं. शिपायाच्या गालावरही चांगले खुंट होते.

"तू बस रे खुर्चीत."

शिपायाचा हात गालावर गेला. "मी? मी दाढी वाढवतोय साहेब."

"कधीपासून?"

"आजपासूनच."

"हे लागत नाही कुणाला. रोज ऐकतोस ना माझ्याकडून?"

"ऐकतो की. माहीत आहे साहेब. पण घरी लहान मूल आहे," असं म्हणून शिपाई पार दारापर्यंत मागे सरकला. नोकरी गेली तरी तो बसणार नव्हता, हे त्याच्या पायांवरूनच कळत होतं.

डॉक्टरांचा पारा चढला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि स्वतःच जाऊन खुर्चीत बसले. "इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगतोय, लागत नाही, लागत नाही. आता मीच बसलो नाही तर त्याला काय अर्थ? करा तुम्ही."

आली का पंचाईत? तालीम फुग्याची, आणि समोर जिवंत माणूस. लोण्यानं मनाशी ठरवलं, काही हरकत नाही. कानाच्या खाली जबड्याच्या कोपऱ्यावर एक जागा असते, तिथं बारीकसं कापलं तर फार दुखत नाही, रक्त मात्र दिसण्यासारखं येतं. तिथं टोक झुकवायचं. एकच ओरखडा. तेवढ्यानं भागेल.

त्यानं टॉवेल गुंडाळला, ब्रश भिजवला, फेस केला. गालाला फेस लावताना त्याच्या बोटांना गाल लागला. तीन वर्षांत त्याच्या बोटांना स्वतःच्या आणि बायकोच्या सोडून कुणाचा गाल लागला नव्हता. उबदार, थकलेला, जरा सैल पडलेला गाल. डॉक्टरांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. लोण्यानं अंगठ्यानं कातडी ताणली, वस्तरा टेकवला, आणि पहिली रेघ ओढली. खर्र असा तो ओळखीचा बारीक आवाज आला. त्या आवाजासरशी त्याचे खांदे आपोआप सैल झाले.

कानाखालची ती जागा आली. आता, असं तो स्वतःला म्हणाला. त्यानं टोक झुकवलंही. तेवढ्यात डॉक्टरांचा श्वास लांबला, तोंड किंचित उघडलं, आणि त्यांची मान लोण्याच्या तळहातावर कलली. झोपले होते ते. रात्रभर कुठल्या तरी इस्पितळात जागलेला माणूस, त्याच्या हातावर मान टाकून झोपला होता.

लोण्याचा हात थांबला. त्यानं मनातल्या मनात जिन्याखालची खोली आणली, लाल दोऱ्याचा कप आणला, फेसानं भरलेलं बायकोचं तोंड आणलं. काप, काप म्हणून स्वतःला बजावलं. पण हात वस्तादाचा होता, मेहुण्याचं ऐकेना. टोक आपोआप वर झालं आणि वस्तरा जबड्यावरून अलगद वळला. बरं, या बाजूला नाही तर त्या बाजूला, असं तो म्हणाला. दुसरा गाल झाला. हनुवटीवर तरी, म्हणाला. हनुवटी झाली. मग गळा राहिला, आणि झोपलेल्या माणसाच्या गळ्याशी असलं काही करणारा तो नव्हे. त्यानं ओठावरचं सावकाश आवरलं, तुरटी फिरवली, कोमट पाण्यानं पुसून घेतलं. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला होता. लाज वाटावी इतका आनंद. दाढी संपूच नये असं त्याला वाटत होतं, आणि ती किती महागात पडतेय हे कळत असतानाही वाटत होतं.

त्यानं सवयीनं टॉवेल झटकला. त्या आवाजानं डॉक्टर जागे झाले.

त्यांनी गालावरून हात फिरवला. मग उलटा फिरवला. आरशात मान वळवून बघितलं. "वा," ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. "अशी दाढी माझी आजवर कुणी केली नाही."

मग चष्मा लावून टेबलाशी बसले आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "स्वतःचा व्यवसाय करण्यास पूर्ण सक्षम."

लोण्या पेटी आवरत होता, तो तसाच उभा राहिला. "साहेब, शिपाई बसला नाही."

"काय?"

"तुमचा शिपाई बसला नाही खुर्चीत. तेही लिहा ना तिथं."

"ते त्याचं अज्ञान आहे हो. दुसऱ्याच्या अज्ञानाचे गुण मी तुम्हाला कसे देऊ?" डॉक्टरांचा आवाज मऊ होता. "मी बसलो की नाही?"

"बसलात."

"मग? एक माणूस बसतो तर दहा बसतील. समजावून सांगायला हवं लोकांना. तुमच्या हातात कला आहे. भत्त्यावर कशाला जगायचं तुम्ही?"

ते हे चांगुलपणानंच बोलत होते. लोण्याला त्यांचा राग येईना, हीच मोठी अडचण होती. तो म्हणाला, "साहेब, मग तुम्ही येत जाल का माझ्याकडे? नाहीतर मीच घरी येत जाईन, म्हणाल त्या वेळेला. तुम्ही बसताय म्हटल्यावर आणखी चार जण बसतील."

डॉक्टरांची लेखणी थांबली. ते थोडा वेळ कागदाकडेच बघत राहिले. "माझं काय आहे, मी घरीच करतो," ते म्हणाले. "मशीननं. घाईत असतो ना." आणि कागदावर शिक्का मारून तो त्यांनी पुढे सरकवला. शिपायानं आधीच दार उघडून धरलं होतं. लोण्या जवळून जाताना तो भिंतीला लागून उभा राहिला.

बोळात बायको बाकाच्या टोकाला बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. त्याला बघताच ती उठली.

"फुटला?"

"फुगे कुजले होते. डॉक्टरच बसले खुर्चीत."

"अगंबाई. मग? कापलंत ना कुठंतरी?"

लोण्यानं पेटी या हातातून त्या हातात घेतली. तिनं त्याच्या हातातल्या पेटीकडे बघितलं, मग तोंडाकडे. त्याच्या तोंडावर काय होतं ते तिनं पूर्वी रोज संध्याकाळी बघितलेलं होतं. तीन वर्षांत बघितलं नव्हतं, म्हणून ओळखायला तिला एक क्षण लागला.

"झोपले?" तिनं विचारलं.

"झोपले."

ती सावकाश खाली बसली. इतकी वर्षं दाढीवाल्याशी संसार केलेली बाई. आणखी काही विचारायची तिला गरज नव्हती. तिला संताप आला होता. या माणसाला गदागदा हलवावं असं वाटत होतं, आणि आज कुणीतरी झोपलं म्हणून त्याच्यासाठी भरूनही येत होतं. दोन्ही एकदम आल्यानं तिला धड रडताही येईना. पिशवीतला फोन वाजायला लागला. भावाचाच असणार. तिनं तो वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला.

लोण्या तिच्या शेजारी बसला. पलीकडची माणसं आणखी थोडी सरकली.

ती म्हणाली, "पाठीला कोण लावून देणार तुमच्या?"

"लावीन मीच. पोचेल तिथवर."

"मधे नाही पोचत तुमचा हात."

"नाही पोचत," लोण्या म्हणाला.